नोकरी, येण्याजाण्याचे अडीच तास आणि हाफ आयर्नमॅनची तयारी: आठवडा कसा बसवावा?

सावकाशगती

ऑफिस साडेनऊ ते साडेसहा. घरापासून ऑफिस एका बाजूने सव्वा तास: दहा मिनिटं चालणं, पाऊण तास ट्रेन, उरलेला वेळ बस किंवा पायी. लक्ष्य १.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल, २१.१ किमी धावणं. हातात २४ आठवडे. सध्या आठवड्याला ३०-३५ किमी धावणं होतं, रविवारी ५०-६० किमी सायकल होते आणि न थांबता १ किमी पोहता येतं (१०० मीटरला अडीच मिनिटं).

तयार आराखडे आठवड्याला १०-१२ तास मागतात. एवढे तास काढता येतील, पण ते रोज सकाळी आणि संध्याकाळी असे विखुरलेले असतात, तिथे गाडं अडतं. रात्री साडेआठला सुरू केलेले इंटरव्हल (मध्ये थोडी विश्रांती घेत केलेले जोराचे तुकडे) साडेनऊला संपतात, जेवायला दहा वाजतात, झोप बाराला लागते. पाचचा गजर लावला की पाच तासच झोप. बुधवारपर्यंत पाय जड होतात आणि सोप्या वेगालाही धाप लागते.

तीन प्रश्न आहेत. पहाट बरी की संध्याकाळ? प्रवासाचा वेळ सरावात धरता येतो का? आणि आठवडा कोलमडला तर आधी काय सोडायचं?

पहाटवाट

सरावाचे तास वाटण्याआधी स्पर्धेचा वेळ वाटून बघा. तुमच्या वेगाने १.९ किमी पोहायला साधारण ४८ मिनिटं लागतील. ताशी २५ किमीने ९० किमीला ३ तास ३६ मिनिटं, किलोमीटरला साडेसहा मिनिटांनी २१.१ किमीला २ तास १७ मिनिटं. मधल्या बदलांची (पोहण्यावरून सायकल, सायकलवरून धावणं) पंधरा मिनिटं धरली तरी सात तासांच्या आत. यातला निम्म्याहून जास्त वेळ सायकलवर जातो, आणि तुमचा सराव सर्वांत कमी तिथेच आहे. या अंतराच्या स्पर्धांत पोहण्याला सहसा १ तास १० मिनिटं आणि एकूण ८ तास ३० मिनिटं मिळतात. पोहण्यात दोन-तीन मिनिटं वाचवण्यासाठी आठवड्यातून तिसऱ्यांदा तलावावर जाणं तुमच्या वेळापत्रकाला झेपणार नाही. दोनदा पुरे.

आठवडा असा बसतो:

सोमवार: फक्त ताकदीचा व्यायाम, २५ मिनिटं.

मंगळवार पहाट: सायकल इनडोअर ट्रेनरवर (घरात जागेवरच सायकल चालवायचं यंत्र), ६० मिनिटं. १० मिनिटं वॉर्मअप, मग एफटीपीच्या (साधारण तासभर टिकवता येईल तेवढा जोर, वॅट्समध्ये) ९० टक्क्यांवर १० मिनिटं असं तीनदा, मध्ये ४-४ मिनिटं हलकं, शेवटी १२ मिनिटं हलकं.

बुधवार संध्याकाळ: ऑफिसजवळच्या तलावात ४५ मिनिटं. ३०० मीटर हलकं, ५० मीटरचे सहा ड्रिल (तंत्राचे छोटे सराव), १०० मीटर आठदा (मध्ये १५-२० सेकंद), २०० मीटर हलकं. एकूण १६०० मीटर. घरी जाताना ३५ मिनिटं सोपं धावणं.

गुरुवार पहाट: पूर्ण सुट्टी, गजर नाही. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर लगेच, जवळच्या मैदानात किंवा मोकळ्या रस्त्यावर ५० मिनिटं धावणं. १२ मिनिटं वॉर्मअप, ५ मिनिटं थ्रेशोल्डला (साधारण तासभर टिकेल अशा कठीण वेगाला) असं चारदा, मध्ये २-२ मिनिटं जॉग, १२ मिनिटं हलकं.

शुक्रवार: पोहणं ४५ मिनिटं, फक्त तंत्र. ताकदीचे २५ मिनिटं त्यालाच जोडून.

शनिवार: लाँग राइड २ तासांपासून ४ तासांपर्यंत वाढवत न्या. उतरल्यावर लगेच १५-२० मिनिटं धावणं.

रविवार: लाँग रन ७५ मिनिटांपासून ११० पर्यंत, पूर्णपणे सोपा.

बेरीज सुरुवातीला सव्वाआठ तास, शिखराच्या आठवड्यात अकरा. पहाटेचा गजर कामाच्या दिवसांत एकदाच. पहिले १० आठवडे पाया, पुढचे ८ वाढवण्याचे, ४ स्पर्धेच्या वेगाचे, शेवटचे २ टेपर (स्पर्धेआधी सराव कमी करत नेणं). दर चौथ्या आठवड्यात एकूण वेळ ३५-४० टक्क्यांनी कमी करायचा.

एफटीपी माहीत नसेल तर नीट वॉर्मअप करून २० मिनिटं जेवढा जोर टिकवता येतो तेवढा लावा आणि त्या सरासरी वॅट्सना ०.९५ ने गुणा. पॉवर मीटर नसला तरी अडत नाही. थ्रेशोल्डला एका दमात तीन-चार शब्द निघतात, सोप्या वेगाला पूर्ण वाक्यं. २२० वजा वय या सूत्रावर झोन (सोपं, मध्यम, कठीण यांच्या ठोक्यांच्या मर्यादा) ठरवू नका. खरे कमाल ठोके त्या आकड्यापेक्षा दहा-बाराने सहज वर किंवा खाली असू शकतात, मग सोपा समजलेला वेग प्रत्यक्षात मध्यम निघतो. तुम्हाला बुधवारी लागणाऱ्या धापेमागे झोपेइतकंच हेही कारण असण्याची शक्यता आहे. सोपे दिवस खरंच सोपे आहेत का ते आधी तपासा.

ट्रेनरबद्दल एक गोष्ट: पंखा ऐच्छिक समजू नका. समोरून वारा नसला की घाम सुकत नाही, अंग तापतं आणि तेवढ्याच वॅट्सना ठोके चढत जातात. मोठा पंखा छातीच्या रोखाने लावा.

दोनचाकी

प्रवास सरावात धरता येतो, पण त्यात सोपं कामच होतं. सिग्नल, गर्दी, पाठीवरची बॅग यांत इंटरव्हल बसत नाहीत. शहरात सायकल चालवताना हमखास होणारी चूक म्हणजे प्रत्येक सिग्नलवरून जोरात सुटणं. तासाभरात असे तीस झटके बसले की ती सोपी राइड राहत नाही. थांबण्याआधी दोन-तीन गिअर हलके करा आणि सुटताना पहिली पंधरा सेकंद नुसतं पायडल फिरवा.

सायकलसाठी एका दिशेची पद्धत सर्वांत सोयीची. सोमवारी संध्याकाळी ऑफिसमधून सायकलने घरी, मंगळवारी सकाळी नेहमीसारखं ट्रेनने ऑफिसला असं करायचं असेल तर सायकल आधी ऑफिसला पोचलेली हवी. म्हणून एका सकाळी सायकलने जायचं आणि ती तिथेच ठेवून ट्रेनने परतायचं. दुसऱ्या दिवशी ट्रेनने जायचं आणि सायकलने घरी यायचं. दोन दिवसांत दोन राइड होतात आणि एका दिवसात दोनदा रहदारीला तोंड द्यावं लागत नाही. अर्थात ऑफिसमध्ये रात्रभर सायकल ठेवायला बंद जागा पाहिजे. फ्रेम आणि मागचं चाक मिळून यू-लॉकमध्ये अडकवा, दिवे काढून घ्या.

टायर २८ ते ३२ मिमी. यापेक्षा अरुंद टायर शहरातल्या खड्ड्यांत रिमवर आपटतो आणि ट्यूबला शेजारीशेजारी दोन चिरा पडतात. तसं दिसलं तर काटा शोधत बसू नका, हवा कमी होती. सोबत एक ट्यूब, दोन लिव्हर, छोटा पंप. १६ ग्रॅमचं सीओटू काडतूस (टायर झटकन भरणारं गॅसचं छोटं नळकांडं) ठेवलंत तरी पंप हवाच, कारण काडतूस एकदाच चालतं. त्या गॅसने भरलेला टायर दुसऱ्या दिवशी मऊ पडतो, घरी पोचल्यावर साधी हवा भरून घ्या. ओल्या रस्त्यावर चालवल्यावर चेन पुसून तेल घाला. सामान कॅरिअरच्या पिशवीत ठेवा. पाठीवर बॅग घेऊन तासभर वाकून बसलं की कंबर आणि मान दोन्ही धरतात.

धावत घरी जायचं असेल तर १०-१२ लिटरची, छातीवर आणि कमरेवर पट्टा असलेली बॅग घ्या आणि आतलं वजन दोन किलोच्या आसपास ठेवा. म्हणजे लॅपटॉप नाही. लॅपटॉप घरी आणावाच लागतो त्या दिवशी धावू नका. बॅग हलते ती बहुतेक वेळा अर्धवट भरल्यामुळे. रिकाम्या जागेत जॅकेट कोंबा आणि जड वस्तू पाठीला चिकटून वर ठेवा. काख, गळ्याची हाडं आणि पट्टे घासतात तिथे आधीच व्हॅसलीन लावा.

पूर्ण अंतर धावायची गरज नाही. ३५ मिनिटांत जेवढं होईल तेवढं अलीकडे उतरा.

आठवड्याचे कपडे सोमवारी ट्रेनने नेऊन ठेवा, शुक्रवारी सगळे परत आणा. सकाळी पोचल्यावर लगेच शर्ट घालू नका, दहा-पंधरा मिनिटं पंख्याखाली थांबा. आंघोळ केली तरी अंग आतून तापलेलं असतं, नवा शर्ट पाच मिनिटांत भिजतो. घामाचे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत दिवसभर बंद ठेवू नका, जाळीच्या पिशवीत ठेवा.

मध्यंतर

पहाटवाट यांनी गुरुवारचं धावणं ऑफिस सुटल्यावर लगेच ठेवलंय, ते मला फार पटलं. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. पहाट आणि रात्र यांच्यामध्ये साडेसहा ते साडेसातची तिसरी वेळ आहे. तेव्हा व्यायाम उरकला की पुढचा सव्वा तास प्रवासात ठोके उतरतात, अंग थंड होतं, आणि घरी पोचायला उशीर झाला तरी झोप हाताशी असते. घरी जाऊन साडेआठला तोच व्यायाम केला तर अंथरुणावर पडेपर्यंत शरीर तापलेलंच राहतं. जोराचा व्यायाम आणि झोप यांत निदान दोन तास असू द्या.

मंगळवारच्या पहाटेशी मात्र मी अर्धाच सहमत आहे. गजर पावणेपाचचा असेल तर साडेसात तास झोपेसाठी सव्वानऊला दिवा बंद झाला पाहिजे. तुम्ही घरी पावणेआठला पोचता. सोमवारी दीड तासात जेवण, आवराआवर आणि झोप बसत असेल तरच मंगळवारी पहाटे ट्रेनरवर चढा. बसत नसेल तर सोमवारी ऑफिसमधून वेळेवर निघणं हाच सरावाचा भाग समजा, नाहीतर हे सत्र शुक्रवारच्या तंत्राच्या पोहण्याशी अदलाबदल करा, म्हणजे उद्याच्या ऑफिसची घाई नसते. पण मग शनिवारची राइड पहिले दोन तास अगदी हलकी ठेवावी लागेल.

एक नियम कागदावर लिहून ठेवण्यासारखा: सलग दोन रात्री सहा तासांपेक्षा कमी झोप झाली तर त्या दिवसाचे इंटरव्हल रद्द, त्याजागी ४० मिनिटं सोपं. आणि रद्द झालेलं सत्र दुसऱ्या दिवशी ढकलायचं नाही. ढकललं की ते लाँग राइडच्या आदल्या दिवशी येऊन बसतं आणि तुम्ही आठवड्यातलं सर्वांत महत्त्वाचं काम थकलेल्या पायांनी करता.

संध्याकाळचा व्यायाम फसतो त्याचं नेहमीचं कारण खाणं. एकला जेवण, मग साडेसहापर्यंत फक्त चहा-कॉफी. साडेचार-पाचच्या सुमारास वजनाच्या किलोमागे साधारण १ ग्रॅम कर्बोदकं पोटात जाऊ द्या. ६५ किलो वजनाला दोन केळी आणि थोडा ब्रेड पुरतो. तेल-तूप आणि चोथा कमी असलेलं घ्या, नाहीतर धावताना पोटात गोळा येतो. व्यायाम संपल्यावर परतीच्या प्रवासातच किलोमागे ०.३ ग्रॅम प्रथिनं आणि सोबत कर्बोदकं. पिशवीत दूध किंवा दही आणि केळं असलं की भागतं. मग घरचं जेवण हलकं ठेवता येतं.

पहाटे तासाभराच्या आतलं सोपं काम उपाशीपोटी चालतं. इंटरव्हल असतील तर आधी २५-३० ग्रॅम कर्बोदकं घ्याच.

कॅफिनचं अर्धं प्रमाण उतरायला साधारण पाच तास लागतात, काहींना याहून बरेच जास्त. चारच्या कॉफीचा अर्धा परिणाम नऊला शिल्लक असतो. शेवटचा कप दोनच्या आत.

लाँग राइडवर पहिल्या वीस मिनिटांपासून खायला सुरुवात करा, तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं. ९० पर्यंत जायचं असेल तर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही लागतात, कारण आतड्यातून शोषून घ्यायचे त्यांचे मार्ग वेगळे आहेत. पोटाला ही सवय आठ-दहा आठवडे हळूहळू लावावी लागते, स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा करायची ही गोष्ट नाही. पाणी किती लागतं हे वजन करून बघा: तासभर सायकल चालवण्याआधी आणि नंतर. १ किलो घटलं असेल तर प्यालेलं पाणी मिळवून तेवढा तुमचा ताशी घाम.

सावकाशगती

सगळ्यांचे मनापासून आभार. गुरुवारची वेळ लगेच बदलतो. दोन गोष्टी राहिल्या. महिनाअखेरीचा आठवडा ऑफिसात दहा-अकरा तासांचा असतो, तेव्हा काय करायचं? आणि चार तासांची राइड दर शनिवारी घरच्यांना जड जाईल. तिथे काही कमी करता येईल का?

पहाटवाट

महिनाअखेर ठरलेली आहे, म्हणजे हलका आठवडा कुठे टाकायचा हा प्रश्न सुटला. दर चौथ्या आठवड्याचा हिशेब सोडा आणि कॅलेंडर समोर ठेवून प्रत्येक महिनाअखेर हलकी करा. कधी मधले तीन आठवडे भराचे येतील, कधी चार. चार आले तर तिसऱ्यात वाढ थांबवा, आदल्या आठवड्याएवढंच करा.

त्या आठवड्यात तीन गोष्टी टिकवा: सायकलचे इंटरव्हल (तीनऐवजी दोन), धावण्याचे थ्रेशोल्ड (चारऐवजी तीन), आणि शनिवार-रविवारमधलं एक लांब सत्र. पोहणं, बुधवारचं धावणं आणि ताकदीचं एक सत्र खुशाल सोडा. या क्रमाला आधार आहे. व्यायामाचे संशोधक रॉबर्ट हिक्सन यांच्या १९८० च्या दशकातल्या प्रयोगांत दहा आठवडे कसून सराव झालेल्यांचे सत्रांचे दिवस सहावरून चार किंवा दोनवर आणले, तरी पंधरा आठवडे व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते माप) टिकला. सत्र ४० मिनिटांवरून १३ वर आणलं तेव्हाही तो टिकला, पण दीर्घकाळ जोर टिकवण्याची ताकद घटली. आणि जोर एक तृतीयांशाने कमी केला तेव्हा व्हीओटू मॅक्सही उतरला. म्हणून घाईच्या आठवड्यात दिवस कमी करा, जोर ठेवा, आणि एखादं तरी लांब सत्र वाचवा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात: रोज वीस मिनिटं हळू धावून आठवडा भरल्याचं समाधान मानतात.

आजारपणाचा हिशेब वेगळा. ताप असेल तर काहीही नाही, ताप गेल्यावरही एक-दोन दिवस चालण्यापुरतंच. आठवडाभर खंड पडला तर आधीच्या वेळेच्या दोन तृतीयांशावर परत सुरू करा. बुडालेले तास भरून काढू नका.

चार तासांची राइड दर आठवड्याला लागतच नाही. एक शनिवार लांब (३ ते ४ तास, सोपी), पुढचा शनिवार दोन तास, त्यात मधली २० मिनिटं तीनदा स्पर्धेच्या जोराने. घरच्यांना महिन्याभराच्या तारखा आधी द्या. आयत्या वेळी कळलेल्या चार तासांपेक्षा आधी ठरलेले चार तास घरात सोपे जातात. आणि पहाटे निघून परतायची वेळ सांगितलीत तर ती पाळा. पंक्चरसाठी अर्धा तास आधीच धरून सांगा.

सांधेजोड

वरच्या आराखड्यात ताकदीचे दोन २५ मिनिटांचे तुकडे आहेत, त्यांत काय करायचं ते सांगतो, कारण पहिल्यांदा कात्री तिथेच लागते आणि बाराव्या-चौदाव्या आठवड्यात टाच किंवा नडगी बोलायला लागते.

स्प्लिट स्क्वॉट (एक पाय पुढे, एक मागे ठेवून बैठक) प्रत्येक पायाला ८ चे ३ सेट. रोमानियन डेडलिफ्ट (गुडघे किंचित वाकवून, पाठ सरळ ठेवून कमरेतून झुकत वजन खाली-वर करणं) ६ चे ३. एका पायावर टाच उचलणं, गुडघा सरळ ठेवून १२ चे ३, गुडघा वाकवून १५ चे २. वाकवलेल्या गुडघ्याचा प्रकार टाळू नका, धावताना सर्वांत जास्त भार घेणारा सोलियस हा खोलचा स्नायू त्यानेच तयार होतो. शेवटी साइड प्लँक (कुशीवर, कोपराच्या आधाराने अंग सरळ धरणं) दोन्ही बाजूंना ३०-४० सेकंद. वजन असं निवडा की शेवटी आणखी दोन वेळा जमलं असतं असं वाटावं. शुक्रवारचं सत्र शनिवारच्या राइडआधी येतं, म्हणून त्या दिवशी प्रत्येक प्रकाराचा एक सेट कमी.

प्रवासाचा भारही मोजा. कडक तळाच्या ऑफिसच्या बुटांत जिने आणि स्टेशनवरची चाल मिळून दिवसाला चार-पाच किमी सहज होते, आणि त्यात पाऊण तास उभं राहणं. मऊ तळाचे बूट घालून प्रवास करा, ऑफिसचे बूट टेबलाखाली ठेवा. कसून धावल्यावर लगेच तासभर बसून प्रवास झाला की पोटऱ्या आखडतात. बसण्याआधी पाच मिनिटं चाला.

भार नोंदवायला व्यायामाचे संशोधक कार्ल फॉस्टर यांची पद्धत सोपी आहे: सत्र किती कठीण वाटलं याला ० ते १० पैकी गुण, गुणिले मिनिटं. ५० मिनिटांचं ७ गुणांचं धावणं म्हणजे ३५०. त्याच वहीत ऑफिसच्या दिवसालाही ० ते १० गुण द्या, बेरजेत न धरता. दोन्ही रकाने एकाच आठवड्यात वर जाताना दिसले की पुढचं कठीण सत्र आधीच हलकं करता येतं. सकाळी उठल्याबरोबरचे ठोके नेहमीपेक्षा सहा-सातने जास्त, तेही सलग दोन-तीन दिवस, हा दुसरा इशारा.

दुखण्याबद्दल: १० पैकी ३ पर्यंत आणि २४ तासांत शमणारं दुखणं असेल तर सराव चालू ठेवता येतो. लंगडावं लागत असेल तर थांबा. नडगीच्या हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशी जागा दुखत असेल, किंवा रात्री पडल्यापडल्याही ठणकत असेल, तर धावणं त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांकडे जा, हाडाला बारीक चीर असू शकते. छातीत दुखणं, व्यायाम करताना डोळ्यांपुढे अंधारी येणं याला तर वाटच बघायची नाही. हा धागा वाचणाऱ्या स्त्रियांसाठी: सराव वाढल्यावर पाळी अनियमित झाली किंवा थांबली तर ती खाणं कमी पडत असल्याची खूण असते. त्याचा फटका हाडांना बसतो, तपासणी लांबवू नका.

दोनचाकी

टेपरमध्ये काय करायचं ते कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. शेवटच्या दोन आठवड्यांत एकूण वेळ टप्प्याटप्प्याने निम्म्यावर आणा, पण आठवड्यातले सत्रांचे दिवस आणि जोर तसाच ठेवा. इंटरव्हल तीनचा एक होतो, वॅट्स तेच राहतात. मोकळे झालेले तास ऑफिसच्या राहिलेल्या कामांना देण्याचा मोह होतो. ते झोपेला द्या. सायकलचे टायर, चेन आणि ब्रेक पॅड बदलायचे असतील तर तीन आठवडे आधी बदला, म्हणजे दोन लांब राइडमध्ये तपासून होतात. सुट्टी स्पर्धेच्या आदल्या दिवसाची आणि नंतरच्या सोमवारची अशी दोन्ही आत्ताच टाकून ठेवा. सोमवारी जिने उतरणं कठीण जातं, आणि गर्दीच्या ट्रेनमध्ये उभं राहणं त्याहून.